बर्फासाठी पाणी तापवू नका

उन्हाळा लागला की हा मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतो: ‘बर्फ झटपट हवा? ट्रेमध्ये गरम पाणी ओता. ते साध्या पाण्याच्या आधी गोठतं. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. गरम वस्तू वेगाने थंड होते, वाफेने पाणी कमी होतं, वीजही वाचते.’

‘गरम वस्तू वेगाने थंड होते.’ होते की. पण ८० अंशांचं पाणी उतरत उतरत २५ वर येतं, तेव्हा साधं पाणी तिथून कधीच पुढे गेलेलं असतं. शिवाय हिशोब बघा. एक किलो पाणी ८० वरून शून्यावर आणायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, २५ वरून १०५. त्यानंतर शून्यावरच्याच पाण्याचा बर्फ करायला दोघांनाही आणखी ३३४, आणि तेवढा वेळ तापमापक ढिम्म हलत नाही.

वेळ जातो तो इथे. ट्रे मध्येच काढून बघा: खणाच्या कडेने बर्फ, वर पापुद्रा, बोटाने दाबला की आतलं पाणी वर येतं. आतली उष्णता बाहेर पडणार ती या बर्फातूनच, आणि बर्फ जाड होईल तसा तिचा रस्ता लांबतो. व्हिएन्नातले भौतिकशास्त्रज्ञ योजेफ स्टेफान यांनी ध्रुवीय समुद्रावरच्या बर्फाच्या नोंदींवरून १८९० च्या सुमारास हे गणितात बसवलं. बाहेरची थंडी तेवढीच राहिली तर दुप्पट जाडीला चौपट वेळ.

‘सिद्ध केलंय.’ टांझानियातल्या एरास्टो म्पेम्बा या शाळकरी मुलाला १९६३ साली आइस्क्रीमचं गरम मिश्रण आधी गोठलेलं दिसलं. १९६९ मध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डेनिस ऑस्बोर्न यांच्यासोबत त्याने ते प्रसिद्ध केलं. मुलगा खोटं बोलत नव्हता. पण ऑस्बोर्ननी मोजला तो गोठायला सुरुवात होण्याचा वेळ, पूर्ण बर्फ होण्याचा नव्हे. २०१६ मध्ये बरिज आणि लिंडन या संशोधकांनी प्रयोग पुन्हा केले, त्यांना ठोस पुरावा मिळाला नाही. उलट तापमापक सेंटीमीटरभर वरखाली झाला तरी फसवा निकाल येऊ शकतो, हे त्यांनी दाखवलं.

‘वाफेने पाणी कमी होतं.’ ८० पासून शून्यापर्यंतची सगळी उष्णता नुसत्या वाफेने गेली असं धरलं, तरी उडणार जेमतेम सातवा भाग. आणि तेवढा बर्फही कमीच मिळणार. (जुन्या फ्रीझरमध्ये गरम ट्रे खालचं हिम वितळवून तळाला नीट टेकतो, म्हणून कधी फायदा होऊ शकतो. नेमका हा मुद्दा मेसेजमध्ये नाही.)

‘वीज वाचते.’ गॅस जाळून पाण्यात उष्णता घालायची, मग तीच कॉम्प्रेसरकडून काढून घ्यायची. शेजारच्या मटारच्या पिशवीला घाम फुटतो तो वेगळाच.

पाहुणे दारात असतील तर खण अर्धेच भरा. घरच्या फ्रीझरमध्ये थंडी हवेतून पोचते, त्यामुळे स्टेफान यांच्या हिशोबाप्रमाणे पाव वेळात बर्फ होणार नाही, पण निम्म्याच्या आसपास वेळ वाचतो. पाणी माठातलं चालेल.