आठ गटांत जिंकला म्हणून सगळ्यात मोठा?

सगळ्यात मोठा बॉक्सर कोण, तर फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ, तो आठ वजनगटांत चॅम्पियन झाला म्हणजे विषय संपला, असं कुणी म्हटलं की माझा वाद सुरू होतो. आता पॅकियाओ मला जाम आवडतो, 1998 ला फ्लायवेटमध्ये, म्हणजे 51 किलोच्या आत, चॅम्पियन झालेला माणूस 2010 ला मार्गारिटोसारख्या उंचापुऱ्या गड्याचं तोंड सुजवून टाकतो, हे येरागबाळ्याचं काम नाहीच. पण नुसते गट मोजून मोठेपण ठरवायचं हे मला पटत नाही.

हा आकडा येतो कुठून ते बघा ना. आज 17 वजनगट, आणि प्रत्येक गटात चार मोठ्या संघटनांचे चार वेगवेगळे बेल्ट, म्हणजे किताब. जुना अमेरिकन बॉक्सर हेन्री आर्मस्ट्राँग, त्याच्या काळात मुख्य गट होते आठ. त्याने 1937 ला फेदरवेट जिंकला, 1938 च्या मे महिन्यात बार्नी रॉसला हरवून वेल्टरवेट आणि ऑगस्टमध्ये लू अँबर्सला हरवून लाइटवेट, आणि हे तिन्ही किताब एकाच वेळी त्याच्याकडे होते!! 57 किलोपासून 66.7 किलोपर्यंत, आज एवढ्यातच पाच गट बसतात. त्यात तेव्हा वजन लढतीच्याच दिवशी व्हायचं. आता आदल्या दिवशी होतं, त्यामुळे बॉक्सर अंगातलं पाणी काढून काट्यावर उभा राहतो आणि रात्रभरात खाऊन-पिऊन कित्येक किलो परत चढवतो, म्हणजे कागदावरचा गट एक आणि रिंगमध्ये उतरलेलं शरीर भलतंच. मग गट मोजून नक्की काय मोजतोय आपण?

आणि जो फारसा वर गेलाच नाही त्याचं काय? रिकार्डो लोपेझ, मेक्सिकोचा. 51 विजय, 1 बरोबरी, पराभव शून्य. जवळजवळ सगळी कारकीर्द 47.6 किलोच्या सगळ्यात लहान गटात, शेवटी फक्त एक गट वर. त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, त्याचं अंतर राखणं, खालून येणारा तो अपरकट ठोसा, तंत्र म्हणून इतकं स्वच्छ बॉक्सिंग मी फार कमी जणांचं बघितलंय. पण लहान चणीचा म्हणून मोठ्या याद्यांमध्ये त्याचं नाव कुठेतरी तळाला, याचा मला खरंच राग येतो.

हेवीवेटवाल्यांची अडचण उलटी, त्यांना वर जायला गटच नाही. म्हणून तर युक्रेनच्या उसिकचं कौतुक, क्रूझरवेटचे, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटाचे, चारही बेल्ट घेऊन वर आला आणि मे 2024 मध्ये 6 फूट 9 इंचाच्या ब्रिटिश हेवीवेट चॅम्पियन फ्युरीला हरवलं.

माझ्यापुरता प्रश्न एवढाच असतो की समोर कोण होता आणि अंगाने कमी असताना हा काय करत होता. म्हणून माझा पहिला नंबर अमेरिकेचा शुगर रे रॉबिन्सन, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणून मी त्याची हरलेली लढत सांगतो. जून 1952, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, अंगाची लाही करणारा उकाडा. समोर जोई मॅक्झिम, लाइट हेवीवेट चॅम्पियन, वजनाने जवळपास 7 किलो जास्त. उकाड्याने रेफरीच दहाव्या राउंडनंतर बाहेर गेला, दुसरा आणावा लागला. रॉबिन्सन तिन्ही स्कोअरकार्डवर पुढे होता, तेरा राउंड त्याने त्या मोठ्या माणसाला खेळवलं आणि चौदाव्याला स्टूलवरून उठताच आलं नाही. दोनशेच्या आसपास लढतींमध्ये तो लढत पुरी होण्याआधीच असा थांबला ती हीच एक वेळ. गट मोजणाऱ्यांच्या हिशोबात त्या रात्रीचे मार्क शून्य.