देवाला कळतंय, पण खजिनदाराला कळायला नको?

शनिवारी सकाळी पावणेसातला मामांचा मेसेज पडला. मामा कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातले. २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही खेपेला धान्याची पोती माळ्यावर चढवून म्हशी पाहुण्यांच्या दारात नेऊन बांधलेला माणूस. पूर आणि मदत या विषयावर असा माणूस काही पाठवतो तेव्हा मी नीट वाचतो. मेसेजच्या डोक्यावर ते दोन बाण होते, म्हणजे दहा गावचं पाणी पिऊन आलेला. खाली मामांची स्वतःची ओळ: "बरोबर हाय का न्हाई? तुमच्या मंडळात वाचून दाखव."

वाचून दाखवायची गरजच नव्हती. आदल्या रात्री मंडळात त्याच मेसेजवरून वाजलं होतं.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाणी शिरलं तेव्हापासून हा मेसेज फिरतोय. त्याचा सगळा मसाला असा: एक, खरा दानशूर बोलत नसतो, आपली संस्कृती गुप्तदानाची. दोन, हे नट-नट्या एक कोटी देतात आणि टॅक्समध्ये तेवढेच वाचवतात, खिशातला रुपया जात नाही. तीन, साउथवाले बघा, गुपचूप देतात. चार, कुणी किती दिले याची यादी, आणि काही नावांपुढे 'शून्य', यांचे पिक्चर बघू नका. पाच, पैसेवाल्यांनी देणगी जाहीर करण्यावर बंदी आणा. शेवटी, अकरा ग्रुपवर पाठवा.

मी दिवसभर लोकांची रिटर्नं भरतो आणि संध्याकाळी मंडळाचा खजिनदार असतो. त्यामुळे या मेसेजनं माझी दोन्ही दुकानं एकदम डिवचली.

आधी चौथा मुद्दा, कारण त्याच्यावरच हसू जास्त येतं. पहिल्या ओळीत म्हणायचं की खरा दानी बोलत नाही. चौथ्या ओळीत म्हणायचं की जो बोलला नाही त्यानं शून्य दिलं. अरे भावा, यातलं एक काहीतरी ठरव! सांगितलं तर जाहिरातबाजी, नाही सांगितलं तर बहिष्कार. त्या नटानं नेमकं करायचं काय, चिठ्ठी लिहून अंबाबाईच्या पेटीत टाकायची? आणि यादी बनवणाऱ्याला हे 'शून्य' कळलं कुठून? कुणी किती दिलं याची नोंद उघडी नसली की तिथं असलेच आकडे उगवतात. २०१८ च्या केरळच्या पुरात रोनाल्डोनं ७७ कोटी दिल्याचा मेसेज देशभर फिरला होता. फुटबॉल म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या पेठांचा जीव, त्यामुळे तो आमच्याकडं तर ढोल वाजवून फिरला. साफ खोटा होता.

तिसरा मुद्दा त्याच जातीचा. साउथवाले गुपचूप देतात, तर तुम्हाला कळलं कसं? २०२४ ला वायनाडला दरड कोसळली तेव्हा मोहनलाल यांनी तीन कोटी, प्रभासनं दोन कोटी, चिरंजीवी आणि रामचरण यांनी मिळून एक कोटी दिले. हे आकडे मला पाठ आहेत कारण त्यांनी ते उघड सांगितले आणि प्रत्येक पेपरात छापून आले. चांगलंच केलं. पण गुपचूप नव्हे.

आता टॅक्स. हे माझं रोजचं काम, म्हणून जरा हिशेबच मांडतो, कारण "एक कोटी देऊन एक कोटी वाचवले" हे वाक्य मी चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकलंय. आयकर कायद्याखाली मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली रक्कम शंभर टक्के वजा होते हे खरं. पण ती वजा होते उत्पन्नातून, करातून नव्हे. २०१९ च्या पुराच्या वर्षी पाच कोटींच्या वर उत्पन्न असणाऱ्याला अधिभार आणि उपकर धरून वरच्या थरावर ४२.७४ टक्के कर पडत होता. म्हणजे एक कोटी दिले की कर वाचला ४२ लाख ७४ हजार. उरलेले ५७ लाख २६ हजार त्याच्या खिशातून गेले ते गेलेच. ज्या संस्थांना निम्मीच वजावट आहे तिथं दिले असते तर वाचले असते साडेएकवीस लाखांच्या आत. नवी करप्रणाली घेतलेल्याला तर ही वजावटच नाही. दोन हजारांच्या वर रोख दिली तरी नाही, आणि ब्लँकेटं, बिस्किटं, चारा अशा वस्तू दिल्या तरी नाही. तोटा करून फायदा कमावणारा हा कुठला धंदा, मला एकदा शिकवा, मी ऑफिस बंद करतो.

आणि मुळात टॅक्सचा आणि गाजावाजाचा संबंध काय? आयकर खात्याला पावती लागते. इन्स्टाग्रामवरचा फोटो लागत नाही. ज्याला फक्त कर वाचवायचाय तो गपचूप देऊनही वाचवतो.

पहिला मुद्दा मात्र असा उडवून लावता येत नाही, कारण मामांच्या मनाला तोच लागलाय. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे आपण सगळे ऐकत वाढलो. पण मामा, तुमच्याच तालुक्यातल्या खिद्रापूरला चला. कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडपाच्या उघड्या छताखाली उभं राहून वर गोल आभाळ बघायचं आणि मोबाइल काढायचा, एवढंच आपण करतो. बाहेर दक्षिण दाराजवळ एक देवनागरी शिलालेख आहे, तिकडं कुणी बघत नाही. तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा राजा सिंघण याचा. त्यात लिहिलंय काय? कोपेश्वरासाठी राजानं गाव दान दिलं, ते. राजाची देणगी, देवळाच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, आणि तीही दगडात. आजचा नट पोस्ट टाकतो, ती दोन दिवसांत खाली जाते. सिंघणाची पोस्ट आठशे वर्षं वर आहे.

हा राजाचा मोठेपणा होता का? असेलही थोडा. पण त्या काळची दानपत्रं बघा, त्यातलं सगळ्यात चढ्या आवाजातलं वाक्य मोठेपणाचं नसतं, धमकीचं असतं. दिलेली जमीन जो हिसकावील तो साठ हजार वर्षं विष्ठेत किडा होऊन पडेल, हा श्लोक किती ताम्रपटांत आहे. त्याच्याही पुढं जाऊन काही दगडांवर गाढव कोरून अशी शिवी घातलेली असते की घरात मोठ्यानं वाचता येणार नाही. गधेगाळ म्हणतात त्याला. हे सगळं कशासाठी? उद्या राजा बदलेल, अधिकारी बदलेल, मधला कुणी खाईल, म्हणून. दान उघड्यावर लिहिलं की ते खाणं अवघड जातं. आपली संस्कृती म्हणून जी सांगताय ना, तिला हे आठशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

आता त्याच खिद्रापुरात परत या. २०१९ च्या पुरानं गाव बुडवलं. फेब्रुवारी २०२० मध्ये सलमान खाननं एका कंपनीच्या साथीनं तिथल्या पूरग्रस्तांना घरं बांधून देणार असं जाहीर केलं. त्याआधी ऑगस्टमध्येच नाना पाटेकरांनी नाम फाउंडेशनतर्फे शिरोळ तालुक्यात ५०० घरं बांधायचं जाहीर केलं होतं. या जाहीर शब्दाचा उपयोग गावाला आहे. गावातला साधा माणूस ग्रामसभेत उठून विचारू शकतो: त्यातली किती उभी राहिली, कुणाला मिळाली, यादीतनं कोण गळलं? पेपरवाला विचारू शकतो. हाच शब्द बंद खोलीत कुणा पुढाऱ्याच्या कानात दिला असता, तर मामा, तुम्ही विचारायला कुणाच्या दारात गेला असता?

आणि एकाचं बघून दुसरा देतो, हे मंडळाची वर्गणी गोळा केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पहिली पावती घसघशीत फाडली की गल्लीचा भाव ठरतो. २०१८ ला केरळसाठी एका चाहत्यानं सुशांतसिंह राजपूतला लिहिलं, मला द्यायचंय पण पैसे नाहीत. सुशांतनं त्या चाहत्याच्या नावानं एक कोटी भरले आणि भरल्याचा पुरावा इन्स्टाग्रामवर टाकला. यात दिखावा होता असं ज्याला वाटतं त्याला वाटू दे. २०१९ ला रितेश आणि जेनेलिया देशमुख यांचा मुख्यमंत्र्यांकडं २५ लाख देतानाचा फोटो आला, त्या आठवड्यात माझ्या टेबलासमोर बसलेल्या तीन व्यापाऱ्यांनी निधीचा खाते नंबर मागून घेतला. तिघंच, खोटं कशाला बोलू. पण त्याआधीचे चार दिवस ते फक्त "लई वाईट झालं" एवढंच म्हणत होते.

आता एक गोष्ट कबूल करतो, दात-ओठ खात. मेसेजच्या मागचा राग पूर्ण खोटा नाही. २०१९ ला माझी आत्ती आठ दिवस एका शाळेच्या वर्गात होती. मी भेटायला गेलो तेव्हा वाटप चाललं होतं. एक ब्लँकेट, त्याला आत्तीचे दोन हात आणि देणाऱ्या सहा जणांचे हात. आत्ती पदर पुढं ओढत होती. फोटोवाला म्हणत होता, "मावशी, तोंड दिसू दे, इकडं बघा." एकाचे डोळे मिटले, म्हणून परत. आत्तीनं तेच ब्लँकेट दोनदा घेतलं. त्याच दिवसांत सरकारी धान्याच्या पिशव्यांवरही नेत्यांच्या फोटोचे स्टिकर चिकटवले होते, त्यावर केवढी ओरड झाली ते सगळ्यांना आठवत असेल. त्याचा राग यायलाच पाहिजे. मला अजून येतो. पण चेकचा फोटो वेगळा आणि आत्तीचा फोटो वेगळा. पहिल्यात देणारा स्वतःचा आकडा उघडा करतो, दुसऱ्यात घेणाऱ्याची गरज. बंदी घालायचीच तर घेणाऱ्याच्या तोंडाच्या फोटोवर घाला, पहिली सही माझी.

पाचव्या मुद्द्याचं नुकसान मात्र मुंबईच्या नटांना होणार नाही, आम्हाला होणार आहे. म्हणून तर मी लिहायला बसलो. आमचं मंडळ लहान. २०२१ पासून आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर पूरनिधीचं वेगळं पावती पुस्तक काढतो. कोपऱ्यावरच्या फळ्यावर खडूनं नावं आणि रकमा लिहितो. शुक्रवारच्या बैठकीत एका पोरानं हा मेसेज वाचला आणि म्हणाला, "यंदा फळा नको. गुप्तदान असू दे. देवाला कळतंय की." चार-पाच माना हलल्या. मी म्हटलं, "देवाला कळतंय रे, पण हिशेब मला द्यायचाय." त्यावर जो दंगा झाला तो सोडून देतो.

फळा कशामुळं सुरू झाला हे त्या पोराला माहीत नाही, तेव्हा तो शाळेत होता. जुलै २०२१. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं. आमच्या गल्लीत भोंगा लावून एक टेंपो आला, पूरग्रस्तांना मदत करा म्हणून. आईनं ट्रंकेतल्या दोन कोऱ्या सोलापुरी चादरी काढून दिल्या, बहिणीच्या आंदणातल्या उरलेल्या, घडी न मोडलेल्या. वर पाचशे रुपये. मी पावती मागितली. "दादा, पुण्याच्या कामाला पावती कसली?" टेंपो गेला. त्या चादरी कुठल्या गावात उतरल्या ते आजतागायत कळलं नाही. पोचल्याही असतील. पण शिरोळला, करवीरला, जिथं ओळख होती तिथं मी विचारत फिरलो आणि कुणालाच तो टेंपो आठवेना. आई अजूनही पुराची बातमी लागली की विचारते, "त्या चादरी कुणाच्या अंगावर असतील रे?"

आणि गुप्तदानाला आमच्या पावती पुस्तकात जागा नाही असं कुणी सांगितलं? कुठल्याही देवळाचा देणगी फलक वाचा. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' या ओळींच्या मध्ये कुठंतरी 'एक भक्त, गुप्तदान' असतंच, आणि त्याच्यापुढं रक्कम असते. नाव झाकायचा हक्क देणाऱ्याला आहे, पैशाला नाही. गुप्तदानाच्या पावतीलाही नंबर पडतो.

हे सगळं मी मामांना टाइप करून पाठवणार होतो, पण एवढं वाचायला त्यांचा चष्मा पुरत नाही. म्हणून रविवारी फोनच केला. वीस मिनिटं मी बोललो, मधे दोनदा त्यांनी म्हशीला हाक मारली. शेवटी म्हणाले, "पाचशे एकची पावती फाड माझ्या नावानं. पर फळ्यावर नाव लिवू नगंस. आकडा तेवढा लिव."

पावती क्रमांक १७. फळ्यावर लिहिलंय: गुप्तदान, ५०१. आईनं संध्याकाळी फळा वाचला आणि सगळ्या गल्लीत सांगून आली की हे माझ्या भावाचे.