नाथांचं गाढव आणि मावशींचा कप

काका, तुमची कॉमेंट नीट वाचली. माझा नास्तिकपणा आजीच्या संस्कारांच्या जिवावर चाललाय आणि देवच नसेल तर चांगलं-वाईट ठरवणार कोण, असं तुमचं म्हणणं.

पहिलं बऱ्यापैकी मान्य. पंचवटीत वाढलेला माणूस नास्तिक झाला तरी पंचवटीतलाच होणार, मी भांडतो ते रामाशी, येशूने माझं काय घोडं मारलंय? एकादशीला साबुदाण्याची खिचडी अजून लागतेच (देवासाठी नाही, खिचडीसाठी).

पण संस्कार म्हणजे नक्की कुठले? पौषात निवृत्तीनाथांच्या वारीला त्र्यंबककडे दिंड्या निघाल्या की आजी हातातलं काम टाकून अनोळखी लोकांना वाढायची, आणि त्याच आजीने धुणंभांडीवाल्या मावशींचा कप वेगळा ठेवलेला, कान तुटलेला, मोरीच्या खिडकीत पालथा. मला ते बघून कसंतरीच व्हायचं. गंमत म्हणजे रामेश्वरला न्यायचं गंगेचं पाणी एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजलं ही गोष्टही तिचीच! म्हणजे कपही धर्मातला आणि गाढवही धर्मातलं, मग त्यातलं गाढव घ्यायचं आणि कप टाकायचा हे कशाच्या जोरावर ठरलं?

चांगलं-वाईट कळणं जन्मजात असतं असं मी सरसकट म्हणत नाहीये हां. 2007 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या प्रयोगात तान्ही बाळं मदत करणारं खेळणं निवडताना दिसली, पण पुढे बऱ्याच लॅब्जनी मिळून तोच प्रयोग केला तर तसा कल दिसलाच नाही. 2003 च्या प्रयोगात कॅपुचिन माकडं शेजारच्याला द्राक्ष मिळालं की स्वतःची काकडी नाकारायची, पण ते चिडणं स्वतःच्या वाट्यासाठी. दुसऱ्याच्या वाट्यासाठी चिडायला शिकावं लागत असणार, आणि मी ते घरातच शिकलो, इथे तुमच्या पदरात एक मार्क.

फक्त त्याला देव लागतोच हे कुठून आलं? आपल्याच काळारामाला 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला तेव्हा दार अडवणारे भाविक होते आणि आत जाऊ पाहणाऱ्यांतही भाविक होतेच, राम दोघांचा एकच, तरी चूक कोणाची हे आज तुम्हीही पोथी न उघडता सांगाल. 1935 ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि 1956 ला जो धम्म घेतला त्यात देवाच्या जागी नीती आहे अशी त्यांचीच मांडणी. ते माझ्यासारखे नुसते बाहेर पडून थांबले नाहीत, हे माझ्याविरुद्ध जातं, माहितीये. पण देवाशिवाय नीती उभीच राहत नाही म्हणता, तर या धम्माचं काय करायचं तेवढं लिहा.