एमएला राज्यघटना का नको?
राज्यघटना नीट शिकायची तर एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करा, राज्यशास्त्राच्या एमएतल्या राजकीय सिद्धांताचा इथे काय संबंध, असं एका लेखात म्हटलंय. पटलं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी घटनात्मक नैतिकतेसाठी (म्हणजे घटनेच्या चौकटीचा मनापासून आदर राखण्याची वृत्ती) आधार घेतला तो ग्रोट या ग्रीसच्या इतिहासकाराचा. तोही कशासाठी, तर कारभाराचे तपशील घटनेतच का लिहावे लागले हे सांगायला! हे आता कोणत्या पेपरात बसवणार? आमच्याकडे प्लेटो एका सत्रात, घटना दुसऱ्या, दोघांची गाठच पडत नाही. संसद घटना कुठवर बदलू शकते, या प्रश्नावरचा केशवानंद भारती खटला म्हणजे १९७३, १३ न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६, एवढं गाईडमध्ये असतं. त्या सहा जणांचं म्हणणं काय होतं विचारा, अख्खा वर्ग गप्प. संविधान सभेतल्या चर्चा नेटवर फुकट आहेत, निदान एक सत्र तेवढ्याच वाचायला लावा.