मंदीत चहा बुडत नाही, दुकान बुडतं

सोसायटीच्या, शाळेच्या, झालंच तर भिशीच्याही ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: "नोकरी गेली? घाबरू नका. मंदी हीच फ्रँचायझी घ्यायची वेळ. खाण्यापिण्याला मंदी नसते, रॉयल्टी शून्य, सहा महिन्यांत पैसे वसूल, गाळे स्वस्त, ब्रँड पाठीशी." मी पुण्यात छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो. त्यात चहाच्या फ्रँचायझीवाले बरेच, 2020 च्या लॉकडाऊननंतर आलेले. म्हणून बोलतो.

चहाला मंदी नसते, कबूल. पण खिसा आटला की माणूस चहा सोडत नाही, दुकान सोडतो. नाक्यावरच्या टपरीवर जातो, एका चहात दोघं भागवतात. टपरीवाला उधारी लिहून ठेवतो, पावडर स्वस्त मिळेल तिथून आणतो. तुम्हाला मात्र करारानुसार पावडर कंपनीचीच घ्यावी लागते, कंपनी सांगेल त्या भावाने. रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला कंपनीचा वाटा, शून्य कशी परवडते, याचं उत्तर बहुधा त्याच पाकिटात असतं.

आता ते सहा महिने. समजा, रोज 400 कप, कपाला 10 रुपये: महिन्याला 1,20,000. (दुकान बारा तास उघडं धरलं तरी दोन मिनिटं व्हायच्या आत पुढचा कप जायला हवा, आणि तेही रोज. पावसाळ्यातल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता एकदा उभे राहून बघा.) दूध-साखर-पावडर 45,000, भाडं 30,000, दोन पोरांचा पगार 30,000, वीज-गॅस-कप 8,000. उरले 7,000. समजा कंपनीला द्यायची फ्रँचायझी फी 4 लाख. तीवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 72,000. चहा-नाश्त्याच्या 5 टक्के दरात इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) नाही, त्यामुळे ते 72,000 परत येत नाहीत. 4,72,000 ला 7,000 ने भागा: साडेपाच वर्षांच्या वर. माझ्याकडे येणारे करार तीन नाहीतर पाच वर्षांचे असतात. यात तुमचा स्वतःचा पगार धरलेला नाही आणि कर्जाचं व्याजही नाही.

गाळे स्वस्त मिळतात, हे खरंच. मंदीत मालक डिपॉझिटवरही खाली येतो. पण फ्रँचायझीचा करार पाच वर्षांचा आणि गाळ्याचं लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरार) अकरा महिन्यांचं, असं करू नका. बाजार सावरला की मालक भाडं वाढवणार आणि तुम्ही फर्निचर उचलून जाणार कुठे? दोन्ही मुदती जुळवून घ्या, लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी करार मोडायचा नाही ही अट, मालकावरही घाला.

ब्रँड पाठीशी? ऑगस्ट 2017 मध्ये मॅकडोनाल्ड्सने उत्तर आणि पूर्व भारतातल्या 169 दुकानांचा परवाना रद्द केला. समोर विक्रम बक्षी होते, कंपनीचे दोन दशकांचे भागीदार. त्यांना कोर्टकचेरी परवडली, तडजोड व्हायला 2019 उजाडलं. तुमची पाटी उतरवायला एक नोटीस पुरे.

अमेरिकेत सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी कंपनीला खुलासापत्र द्यावं लागतं, त्यात बंद पडलेल्या शाखांचे आकडेही असतात. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, 1872 च्या करार कायद्यावरच भागवायचं. म्हणून हे आकडे आपणच मागायचे. परवा एका अशिलासाठी मी अशाच एका जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावला आणि बंद झालेल्या शाखांची यादी मागितली. पलीकडून उत्तर आलं, "सर, आज टोकन भरलंत तर पन्नास हजार कमी करतो."