अकरावीचं फिजिक्स सोडून चालत नाही

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेत, अकरावीचे प्रश्न २० टक्केच, म्हणून थेट बारावीचं फिजिक्स घ्या. सूत्रं पाठ करून एमसीक्यू सोडवा. प्रॅक्टिकलचे मार्क कॉलेज देतंच. आणि कॉम्प्युटरला जायचं असेल तर फिजिक्स लागतंय कुठे? मी हाच विषय शिकवतो, आणि या सल्ल्यामुळे हुशार मुलं बारावीत अडकलेली बघवत नाहीत.

२० टक्क्यांचा आकडा खरा आहे. फिजिक्सच्या ५० प्रश्नांपैकी साधारण १० अकरावीचे. पण उरलेले ४० सुटायला काय लागतं? बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकातला पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्सचा, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूंच्या गतीचा. त्यात बलांचे घटक कसे पाडायचे, फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तूवरच्या सगळ्या बलांची आकृती, कशी काढायची, हे येतं असं गृहीत धरलेलं असतं. जेईई मेनला तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तिथे हा मुद्दाच उरत नाही.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो पाठांतराचा सल्ला. मुलं 'एन बरोबर एमजी कॉस थीटा' घोकतात (एन म्हणजे पृष्ठभाग वस्तूवर लावतो ते लंब बल, एम वस्तुमान, जी गुरुत्व त्वरण). उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्यासाठी ते बरोबरच आहे. मग बँकिंगचं, म्हणजे वळणावर तिरप्या केलेल्या रस्त्याचं, गणित येतं. रस्ता तिरपा, कोन थीटा, म्हणून तेच सूत्र तिथेही लावतात. घर्षण नसेल तर वेगाचा वर्ग 'आरजी टॅन थीटा' यायला हवा, आर म्हणजे वळणाची त्रिज्या. यांचा येतो 'आरजी साइन थीटा कॉस थीटा'. कोन ३० अंश असेल तर हे उत्तर खऱ्याच्या पाऊणपटच भरतं. ठोकळ्याचं त्वरण उताराच्या दिशेने असतं, त्यामुळे उताराला लंब दिशेत बलांची बेरीज शून्य होते. वळणावरच्या गाडीचं त्वरण मात्र आडवं, वर्तुळाच्या केंद्राकडे असतं. तिथे बेरीज शून्य होते ती उभ्या दिशेत, म्हणून 'एन कॉस थीटा बरोबर एमजी'. आधी त्वरणाची दिशा बघायची, मग अक्ष ठरवायचे, ही सवय अकरावीतच लागते. एमसीक्यूचे कितीही गठ्ठे सोडवले तरी ती आपोआप लागत नाही.

प्रॅक्टिकलचे ३० मार्क बऱ्याच ठिकाणी सढळ हाताने मिळतात, हे मान्य. पण साधा लंबक घ्या. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण आंदोलनाचा वेळ, सुमारे २ सेकंद. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते. एकच आंदोलन मोजलं तर आवर्तकालात १० टक्के आणि 'जी'च्या किमतीत जवळपास २० टक्के चूक. २० आंदोलनं मोजली तर तीच 'जी'ची चूक एका टक्क्यावर येते. जर्नल उतरवून काढणाऱ्याला हे कधी दिसत नाही, आणि चुकांच्या गणितात तो मग अंदाजाने पर्याय निवडतो.

राहिला कॉम्प्युटर. लॉजिक गेट बारावीच्या फिजिक्समध्येच आहेत, आणि अनेक कॉलेजांत कॉम्प्युटरच्या मुलांनाही पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग फिजिक्स असतं.

ज्यांची अकरावी अशीच निघून गेली, त्यांनी मोशन इन अ प्लेन आणि लॉज ऑफ मोशन हे दोन धडे आधी काढावेत, प्रत्येक गणिताची आकृती स्वतःच्या हाताने काढत. तीन-चार आठवडे नीट दिले तर होतं. रोटेशनल त्यानंतर घ्यावं.