टायर कापून स्प्लेंडर ऑफरोड होत नाही रे बाबांनो

गेल्या रविवारी ताईकडे कळव्याला गेलो तर भाचा बिल्डिंगखाली बसून भाऊजींच्या जुन्या स्प्लेंडरच्या मागच्या टायरला सोल्डरिंगच्या मशीनने खाचा पाडत होता, जळक्या रबराचा वास पार जिन्यापर्यंत. हे काय चाललंय विचारलं तर मोबाईल पुढे केला. तोच मेसेज, जो आमच्या फॅमिली ग्रुपवर दोनदा आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकदा येऊन गेलाय. 'जुनी बाइक ऑफरोड करा, इंजिनला हात न लावता, फक्त टायर बदलून', खाली पाच मुद्दे आणि शेवटी 'पावसाळ्याआधी सगळ्या रायडर मित्रांना पाठवा'. तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, म्हणून जरा शांतपणे लिहितोय.

आधी ते कापणं. मेसेज म्हणतो की गुळगुळीत झालेला टायर फेकू नका, गरम पात्याने खाचा खोल करा, चिखलात नव्यासारखा चालेल. अरे, टायर गुळगुळीत झाला म्हणजे वरचं रबर संपलं, त्याच्याखाली काय असतं, तर नायलॉनच्या धाग्यांचे थर, आणि टायरची सगळी ताकद त्या धाग्यांत. तू खाच खोल करतोस म्हणजे त्या धाग्यांवरचं उरलंसुरलं पांघरूण काढतोस, मग पाणी आत जाणार, खडी आत जाणार आणि एक दिवस टायर फुगवटा धरून फुटणार. भाचा म्हणतो, मामा, ट्रकवाले पण करतात. करतात, ते खरंय. पण ज्या ट्रकच्या टायरला करतात त्याच्या बाजूच्या भिंतीवर 'रीग्रूव्हेबल' असं छापलेलं असतं, कारण कंपनीने त्यासाठी खाली जास्तीचं रबर दिलेलं असतं. स्प्लेंडरच्या टायरवर हे शोधून दाखव म्हटलं. नाही सापडलं, अर्थात. शोधता शोधता भिंतीवरच्या 'डीओटी' या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे मात्र सापडले, २३१४. म्हणजे टायर बनला २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात. भाऊजींनी टायर बदलून एवढी वर्षं झाली आणि हा त्याला कापून नवा करतोय! टायरच्या भिंतीवर साइज, किती वजन पेलतो, किती स्पीडपर्यंत चालतो, कधी बनला सगळं लिहिलेलं असतं, फॉरवर्ड वाचायच्या आधी ते वाचत जा.

दुसरं, हवा. 'मागच्या चाकात १० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवा आणि बिनधास्त निघा, पंक्चरच होत नाही.' यात अर्धं खरं आहे हे कबूल करतो, नाइलाजाने. चिखलात-वाळूत हवा थोडी कमी केली की टायर पसरतो, जास्त जमीन धरतो, जाणते रायडर करतातच. पण ते थोडी कमी करतात आणि डांबरी रस्त्याला लागायच्या आधी परत भरतात, पंप सोबत असतो. आपल्या जुन्या स्प्लेंडरला ट्यूब आहे. १० पीएसआयवर जोरात ब्रेक मारला की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि वॉल्व्ह मुळापासून उपटतो. खऱ्या डर्ट बाइकला म्हणूनच रिम लॉक, म्हणजे टायरला रिमवर दाबून धरणारा चिमटा, लावतात. आणि दगडावर आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटते, शेजारी शेजारी दोन भोकं, सापाने डसल्यासारखी. हे मला कसं माहीत, तर माझ्या विशीत मुरबाडहून येताना मी हाच शहाणपणा केला होता आणि भर उन्हात बाइक ढकलत पंक्चरवाला शोधला होता.

तिसरं, '११०/९०-१८ टायर कुठल्याही १०० सीसीला बसतो, थोडं मडगार्ड कापा'. जुन्या स्प्लेंडरची ओरिजिनल साइज २.७५-१८, म्हणजे २.७५ इंच, जेमतेम ७० मिलिमीटर रुंद. तिथे ११० मिलिमीटरचा कोंबलात तर चेनला घासणार, आणि बारक्या रिमवर तो नीट बसतही नाही. बरं बसवलाच समजा, तर साधारण ६० सेंटिमीटरचं चाक ६५ चं होतं, म्हणजे गियर ८ टक्क्यांनी लांब (एका फेरीत चाक जास्त अंतर कापणार, इंजिनवर जोर येणार), म्हणजे चढावर जिथे ताकद पाहिजे तिथेच पुल मेला. ९७ सीसीच्या इंजिनात मुळात आहे किती? मग फर्स्टमध्ये क्लच जाळत बसा.

'मोठ्या चाकाने मायलेज वाढतं' यावर काय बोलणार. मीटरवर जास्त किलोमीटर दिसतील असं वाटत असेल, तर जुन्या स्प्लेंडरच्या मीटरची केबल पुढच्या चाकातून येते, मागे ट्रॅक्टरचं चाक लावलंत तरी मीटरला पत्ता लागणार नाही.

शेवटचा मुद्दा, प्रॅक्टिसला येऊरचं जंगल बेस्ट. येऊरचं जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तिथे झाडीत बाइक घालायला ते मैदान नाहीये, वनखातं गाडी धरेल तेव्हा सोडवायला भाऊजी जाणार आहेत का मेसेजवाला?

कच्च्या रस्त्यावर जायचंच असेल तर जा की. त्याच साइजचे मोठ्या ठोकळ्यांचे टायर मिळतात, मागे फार तर ३.००-१८, तेही चेन आणि मडगार्डला जागा उरते का बघून. पुल कमी वाटला तर मागचं चेन-व्हील दोन दात मोठं. मात्र त्या ठोकळ्यांवर घोडबंदरच्या ओल्या काँक्रीटवर ब्रेक जपून, रस्त्याला टेकणारं रबर कमी असतं.

भाच्याला हे सगळं पटलं असं तो म्हणाला. तरी कापलेला टायर मी माझ्या गाडीच्या डिकीत टाकून घरी आणलाय, तिथे ठेवला असता तर शनिवारी परत चढवला असता.